लेक माझी, मांडी अक्काची

आजारातून उठताना आधी भूक परत येते, असं डॉक्टर म्हणाले होते. माझी भूक बरीच नंतर आली. आधी आला तो जळफळाट.

एका सकाळी मी न्हाणीच्या दारात उभी होते. आत माझ्या थोरल्या जाऊबाई पाटावर पाय पसरून बसल्या होत्या. त्यांना घरात सगळेच अक्का म्हणतात. त्यांच्या पायांवर माझी लेक ईश्वरी पालथी. अक्का तिच्या पाठीवर तांब्यानं बेताबेतानं पाणी सोडत होत्या आणि ती खिदळत होती. हे मी महिनोन् महिने रोज बघत आले होते आणि मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. त्या सकाळी मात्र अंगाची लाही झाली. ते पाय माझे पाहिजेत, असं वाटलं. ते हसू माझ्यामुळं पाहिजे, असं वाटलं. मी तिथून निघाले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे आपटले.

बाळंतपणानंतर बाईचं मन आजारी पडू शकतं, त्या आजाराला नाव आहे, औषध आहे, आणि बोलून बरं होण्यासाठी दर आठवड्याला सोलापूर गाठायला लागत नाही, फोनवरही होतं, हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर माझे बरेच दिवस वाचले असते. म्हणून हे लिहितेय. पण गोडगोड लिहायला बसले तर ते खोटं होईल. माझ्या आजारपणात प्रेम होतं, आधार होता, सगळं होतं. मनात मात्र बराच काळ हेवाच ठाण मांडून बसला होता. तेव्हा तोच लिहिते.

तू पड गं

मी ज्योती. लोहाऱ्यात तहसीलसमोर ऑनलाइन फॉर्म भरून द्यायच्या दुकानात काम करायचे. उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, पोलीस भरती, जे म्हणाल ते. सर्व्हर डाऊन असला की लोक माझ्यावर ओरडायचे आणि मी त्यांच्यावर. मजेत चाललं होतं. माझे मिस्टर एसटीत कंडक्टर आहेत. थोरले भाऊजी शेती बघतात आणि घर अक्का बघतात. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या, त्यामुळं घरातली मोठी बाई म्हणजे अक्काच.

पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी, ईट गावाला गेले. ईश्वरी ऐन उन्हाळ्यात झाली. सगळं सुखरूप झालं. पेढे वाटले. आणि मला झोप यायची बंद झाली. बाळ झोपलं तरी मी छताकडं बघत पडायचे. ती रडली की मनात यायचं, कुणाचं तरी मूल रडतंय. ते मूल आपलंच आहे हे आठवायला क्षणभर लागायचा, आणि आठवलं की रडू फुटायचं. आई म्हणाली, बाळंतिणीला वारं लागलंय, होईल कमी. बाळंतिणीचे लाडू, शेक, धुरी सगळं झालं. कमी काही झालं नाही. दूध आटलं.

श्रावणात लोहाऱ्याला आले. अक्कांनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पोरीला माझ्या हातातून घेतलं, माझ्या तोंडाकडं एकदा नीट बघितलं आणि म्हणाल्या, "तू पड गं, म्या बगते."

मी जी पडले ती पडलेच. ईश्वरीला वाटी-चमच्यानं दूध पाजणं, शेकणं, झोपवणं सगळं अक्का करायच्या. दुपारी शेतात जाऊन यायच्या आणि परत हिला मांडीवर घ्यायच्या. शेजारच्या बाया म्हणायच्या, ज्योतीला कसं आयतं मिळालंय सगळं. मी कूस बदलायचे.

भाद्रपद संपत आला होता. तुळजापूरला देवी निद्रेला गेली होती. नवरात्राच्या आधी ती सिंहासनावरून उतरून पलंगावर निजते, हे आमच्या भागात लेकराबाळांना ठाऊक असतं. मी त्या दिवशी अंघोळही केली नव्हती, वेणी कधी घातली होती ते आठवत नव्हतं. मी अक्कांना म्हणाले, मी आळशी झालेय. त्या लसूण सोलत होत्या.

"देवी निजली तर तिला कुणी ऊठ म्हनतं का? तिला लांबनं पलंग येतो निजाया. तू बी नीज. उठायची येळ आली का उठशील."

इतकं चांगलं त्या बोलल्या आणि मला ते पोचलंसुद्धा नाही. आज आठवून लिहितेय.

ठेवून घ्या

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी अक्का शेतात गेल्या होत्या. मी ठरवलं, आज मीच पोरीला अंघोळ घालायची. पाणी तापवलं, विसावणाला गार पाणी घेतलं, तिला उघडी करून पाटाशेजारी दुपट्यावर ठेवली. आणि मी बसून राहिले. पाण्याकडं बघत. हात उचलेचना. ईश्वरी आधी कुरकुरली, मग रडून रडून थकली. अक्का आल्या तेव्हा पाणी गार झालेलं, पोर कुडकुडत होती आणि मी तशीच.

अक्कांनी तिला पदरात गुंडाळलं. मला रागावल्या नाहीत. मीच बोलले. अगदी शांतपणे, भाजीचं काय करायचं ते विचारावं तसं.

"अक्का, ही तुम्हीच ठेवून घ्या."

त्यांनी मला उठवून आत नेलं, अंगावर पांघरूण घातलं. संध्याकाळी मिस्टर ड्युटीवरून आले तेव्हा त्यांना ओसरीत थांबवून काहीतरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन सोलापूरच्या गाडीत बसले. त्यांनी माझं तिकीट काढलं नाही, त्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा होता. मी नसले तर बरं होईल सगळ्यांचं, असं मला त्या खिडकीशी बसून वाटत होतं. हे मी डॉक्टरांना सांगितलं, म्हणून इथंही सांगते. असं वाटत असेल तर ते त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. सांगितल्यावर ते तेवढं जड राहत नाही.

दवाखान्यात मोठी रांग होती. माझ्या पुढं एक बाई हाताला प्लास्टर घालून बसली होती. येणारी-जाणारी सगळी तिला विचारत होती, कसं झालं, कधी झालं, दुखतंय का. ती प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होती. मला त्या प्लास्टरचा हेवा वाटला. माझं कुठं मोडलंय ते दिसत असतं तर मलाही कुणी विचारलं असतं.

डॉक्टरांनी मिस्टरांना बाहेर बसवून मला थोडेच प्रश्न विचारले. मग त्यांना आत बोलावून सांगितलं, बाळंतपणानंतरचं डिप्रेशन आहे, बरं होतं, वेळ लागेल.

"म्हणजे डोक्याचं?" मिस्टरांनी आवाज खाली करून विचारलं.

"थायरॉईड निघाला असता तर एवढ्या हळू विचारलं असतं का?" डॉक्टर म्हणाले.

गोळ्या लिहून दिल्या. शिवाय कुणाशी तरी नियमित बोलायला हवं, असं सांगितलं. दर आठवड्याला लोहाऱ्याहून सोलापूर, तेही लहान मूल घरात असताना, हे त्यांनाही दिसत होतं. म्हणून त्यांनी पुण्याच्या एका समुपदेशक बाईंचं नाव दिलं. त्या नव्या आईबापांशी फोनवर, व्हिडिओवर बोलायच्या. मी मनात म्हटलं, घ्या. आयुष्यभर लोकांची कामं ऑनलाइन केली, आता आपलं डोकंही ऑनलाइन.

टाकीपाशी टॉवर

आमच्या घरात व्हिडिओ चालेल एवढी रेंज फक्त स्लॅबवर, पाण्याच्या टाकीपाशी. मिस्टरांनी तिथं शेतातली हिरवी जाळी बांधून सावली केली, खुर्ची नेऊन ठेवली, कानात घालायला नवीन वायर आणली. माझ्याशी काय बोलावं हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून त्यांनी जाळी बांधली. त्या दिवसांत मला तेही दिसलं नाही. मला एवढंच दिसायचं की हे सकाळी डबा घेऊन बाहेर पडतात, उमरगा, तुळजापूर, सोलापूर फिरतात, आणि परत येऊन घोरतात. त्यांच्या घोरण्याचाही मला हेवा वाटायचा.

बाईंचं नाव केतकी मॅडम. गुरुवारी दुपारी फोन. पडद्यावर त्यांच्यामागं कुंड्या ठेवलेली फळी आणि एक बंद दार. बोलणं सुरू करताना त्या उठून ते दार लावून घ्यायच्या. आमच्या घरात मला लावून घेता येईल असं एकही दार नव्हतं. कुंड्यांचं मला काही नाही, दार मात्र डोळ्यात खुपलं.

पहिल्या गुरुवारी मी नुसती रडले. समोरून काही आवाज येईना. मला वाटलं रेंज गेली.

"मॅडम, आवाज येतोय का?"

"येतोय. मी इथंच आहे. तुम्ही रडा."

आपण रडताना समोरचं माणूस "रडू नको" म्हणालं नाही, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

गल्लीत कुजबुज झालीच. दर गुरुवारी ही स्लॅबवर बसून कुणाशी बोलते? त्यावर अक्कांनी परस्पर सांगून टाकलं, "ट्रेनिंग हाय तिची ऑनलाइन. सरकारी." सरकारी म्हटल्यावर बाया गप्प झाल्या. एवढी सफाईदार थाप मला सुचली नसती, याचाही मला राग आला.

मॅडमनी एक काम दिलं. रोज थोडा वेळ बाळासाठी, पण एवढुसंच. सगळं बाळ एकदम अंगावर घ्यायचं नाही. मी म्हटलं, माझ्या वाटणीला उरलंयच काय? अंघोळ अक्कांची, दूध अक्कांचं, झोप अक्कांची. त्या म्हणाल्या, मग अक्का काय करत नाहीत ते शोधा.

मी दोन दिवस बघितलं. अक्का तिच्या अंगाला तेल चोळायच्या, पण पायांपाशी येईपर्यंत ईश्वरीला झोप लागायची आणि तळव्यांचं तसंच राहायचं. मी म्हटलं, पाय माझे. दुपारी ती जागी झाली की मी खोबरेल घेऊन बसायचे आणि फक्त पाय चोळायचे. बोटं, बोटांमधल्या फटी, टाचा. तिच्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे, हे आम्हा दोघींनाच माहीत होतं. म्हणजे मला तसं वाटायचं.

माझी मॅडम

गोळ्यांनी आणि बोलण्यानं दिवाळीनंतर फरक पडायला लागला. झोप आली. केसांत कंगवा फिरला. आणि न्हाणीच्या दारातली ती सकाळ आली, जिच्यापासून मी सुरुवात केली.

एकदा सुरू झालं ते थांबेना. ईश्वरी अक्कांच्या आवाजाकडं मान वळवायची, मला दिसायचं. अक्कांच्या साडीचं टोक तोंडात घालून झोपायची, मला दिसायचं. आमची म्हैससुद्धा अक्कांशिवाय कुणाला धार काढू देत नाही. मी गोठ्यात जाऊन त्या म्हशीला म्हणाले, तू पण का गं? लेक रडली की अक्कांकडं, हसली की अक्कांकडं. मी जवळ घ्यायला गेले की अंग ताठ करायची आणि मी लगेच परत द्यायचे. अक्का तिला घेऊन म्हणायच्या, "र्‍हाऊ दे गं, तू पड जरा." आता मला पडायचं नव्हतं! पण ते मी कोणत्या तोंडानं सांगणार होते? मीच म्हणाले होते, ठेवून घ्या. दिलेली वस्तू परत कशी मागायची?

गुरुवारी मॅडमना सांगितलं. लाज वाटत होती. जिनं माझं लेकरू जगवलं तिच्यावर मी जळत होते.

"म्हणजे काहीतरी हवंसं वाटतंय तुम्हाला," मॅडम म्हणाल्या. "गणपतीनंतर आपण पहिल्यांदा बोललो तेव्हा तुम्हाला काहीच नको होतं. हेवा वाटतोय हे मला चांगलंच लक्षण वाटतं."

चांगलं लक्षण! मला वाटलं होतं मी नासले. त्या दिवशी जिना उतरताना मी जरा ताठ उतरले.

मग मॅडमनी विचारलं, तुमची हरकत नसेल तर अक्कांशी एकदा बोलू का? काही वेळ तुम्ही दोघी, काही वेळ फक्त त्या. मी हो म्हणाले आणि तिथंच चुकले असं मला वाटलं.

अक्का इस्त्रीचं लुगडं नेसून, कुंकू ठीक करून खुर्चीत बसल्या. आधी मोबाइल कपाळाला लावणार की काय असं वाटलं, पण मग ज्या सुटल्या! सोयाबीनला काय भाव आला इथपासून ते ईश्वरीला पोट साफ व्हायला काय दिलं इथपर्यंत. मॅडम खळखळून हसत होत्या. माझ्याबरोबर त्या कधी अशा हसल्या नव्हत्या. मी काय, नुसती रडायचे. मग मला खाली जायला सांगितलं. मी ईश्वरीला घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले आणि कान टवकारले. हसणं ऐकू आलं. मग बराच वेळ काही नाही. लेक गेली, म्हैस गेली, आता मॅडमही, असं माझ्या मनात आलं, अगदी असंच.

अक्का खाली आल्या तेव्हा डोळे लाल होते.

"ऊन लई हाय वर," त्या म्हणाल्या.

जाळीच्या सावलीत कसलं ऊन? पुढच्या गुरुवारी मी मॅडमना खोदून विचारलं. त्या म्हणाल्या, ते अक्कांचं आहे, त्यांना वाटलं तर त्या सांगतील. तुमचं मी त्यांना सांगत नाही, तसंच त्यांचं तुम्हाला नाही.

मला त्या न सांगितलेल्या गोष्टीचाही हेवा वाटला.

वास नाही

संक्रांतीच्या सुमारास ईश्वरीला ताप आला. सर्दी, ताप, चिडचिड. सरकारी दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, साथीचा आहे, औषध द्या, उतरेल. औषध दिलं. पण पोर अक्कांना चिकटून बसली. मी हात लावला की किंचाळायची.

आमच्याकडं शनिवारी मुलांची दृष्ट काढतात. मीठ, मोहरी, वाळलेल्या लाल मिरच्या मुठीत घ्यायच्या, लेकरावरून उतरवायच्या, कुणाकुणाची नजर लागली असेल त्यांची नावं घ्यायची आणि मूठ चुलीत टाकायची. मिरच्या जळून सगळ्यांना ठसका लागला तर काही नव्हतं. वासच आला नाही तर जबर दृष्ट लागली होती. मी बीए आहे, मला यातलं काय खरं ते कळतं. पण लहानपणापासून आईच्या तोंडून आणखी एक ऐकलेलं होतं: लेकराला सगळ्यात जबर लागते ती आईची नजर. आई माझ्याकडं कौतुकानं बघितलं की लगेच बोटं मोडायची. आणि मी तर कौतुकानंही बघत नव्हते. दिवसभर मी त्या दोघींकडं जळत्या डोळ्यांनी बघत होते. ताप आला तेव्हापासून मला एकच वाटत होतं, हे माझंच काम.

त्या शनिवारी दिवेलागणीला अक्का मूठ भरून आल्या. ईश्वरीला माझ्या मांडीवर द्यायला बघितलं, ती रडली, म्हणून भाऊजींच्या मांडीवर दिली. अक्का दर शनिवारी "आईची, बापाची" अशी सुरुवात करतात. मी भिंतीला टेकून उभी राहिले. माझं नाव पहिलं येणार होतं आणि आज ते खरं असणार होतं.

"आल्यागेल्याची, दारावरल्याची, वाटंवरल्याची," अक्का म्हणाल्या. मूठ डोक्यावरून पायापर्यंत उतरत होती. "मामाची, मावशीची, आत्याची, शेजारणीची, बापाची..."

आईची नाही. त्यांनी मला वगळलं. मी श्वास सोडायच्या आत त्या हळूच म्हणाल्या, "आन् चुलतीची. चुलतीची लई."

अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीत त्यांनी मूठ टाकली. मी मागोमाग गेले. आम्ही दोघी उभ्या राहिलो. वास आला नाही. ना ठसका, ना शिंक.

"बगितलंस?" अक्का म्हणाल्या. "म्या म्हनलं व्हतं."

"काय?"

त्या चुलीपाशी खाली बसल्या. माझ्याकडं बघत नव्हत्या.

"तू उठून फिराय लागलीस तसं मला भ्याव वाटाय लागलं. आता ही हिची पोर न्हेणार. तू पायाला तेल लावाय बसलीस का म्या आत जाऊन घासलेलीच भांडी परत घासते. तुला काय वाटतं, आपली भांडी एवढी काळी हुत्यात व्हय?"

ती भांडी मी रोज ऐकत होते. मला वाटायचं, मला ऐकवायलाच आपटतात.

"माजी दोन पोरं. एक पुण्याला कंपनीत, एक लातूरला शिकायला. फोन केला का 'जेवलीस का, ठेवतो' म्हनत्यात. घर कसं गपगार झालं व्हतं. म्या सकाळी उटून कुणाला उटवू? त्यात तू ही पोटली मांडीवर दिलीस. ठेवून घ्या म्हनलीस." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "तू आजारात बोललीस. म्या चांगली शानीसुरती असून खरं धरलं."

तर हे सांगितलं होतं त्यांनी मॅडमना, वर जाळीच्या सावलीत. मला वाटत होतं, अक्कांकडं सगळं आहे. आणि अक्का माझ्याकडं बघून हेच म्हणत होत्या.

"मी पण जळत होते, अक्का," मी म्हणाले. "तुमच्यावर. म्हशीवर पण."

"म्हशीवर?"

"धार तुम्हालाच देते."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की गोळ्या वाढवायला लागतात की काय.

मी आत गेले. मीठ घेतलं, मोहरी घेतली, मिरच्या जरा जास्तच घेतल्या. चुलीत दोन तुराट्या सारून फुंकून चांगला जाळ केला. भाऊजींकडून ईश्वरीला घेतलं, ती किंचाळली तरी घेतलं, आणि अक्कांच्या मांडीत ठेवलं.

"काय करतीस गं?"

"गप बसा. तुम्हा दोघींची काढते."

मला सगळे शब्द येत नव्हते. येतील तसे म्हटले. आल्यागेल्याची, शेजारणीची, आणि मग मोठ्यानं म्हणाले, "आईची. ईश्वरीच्या आईची." पोर झाल्यापासून मी स्वतःला असं कधी म्हटलं नव्हतं. दवाखान्याच्या कागदावर होतं, रेशनकार्डावर चढवायचं होतं, पण तोंडानं म्हटलं नव्हतं.

मूठ चुलीत टाकली आणि जो काही ठसका उठला! अक्का पोरीला घेऊन पळाल्या, मी डोळे चोळत उलट्या दिशेला गेले, भाऊजी ओसरीत शिंकत उठले, गोठ्यात म्हैस फुरफुरली. मिस्टर नुकतेच ड्युटीवरून येत होते, ते फाटकातूनच परत फिरले. अक्का खोकता खोकता हसायला लागल्या.

"कुठं लागलीय तुजी दृष्ट?" त्या म्हणाल्या. "कुनालाच न्हाय लागली. उगं मिजास करतीस."

पहिल्या वेळी चूल विझत आली होती आणि दुसऱ्या वेळी मी जाळ केला होता, हे मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे, चाळीस वर्षं चूल पेटवतात त्या. आम्ही दोघी त्याबद्दल बोललो नाही. ताप औषधानं दोन दिवसांनी उतरला.

खोकला थांबल्यावर मी त्यांना जे मागायचं होतं ते मागितलं. "अक्का, ठेवून नका घेऊ तिला. पण सोडू पण नका."

"येडी हायस," त्या म्हणाल्या. मग ईश्वरीचा डावा पाय हातात घेऊन त्या करंगळीवरून बोट फिरवत म्हणाल्या, "हे बोट बग, वर चढलंय. सरळ कर चोळून चोळून. तुज्याकडं हाय ते काम."

त्यांनाही माहीत होतं तर. तेवढ्यानंही मी परत जळलेच.

मंगळवार

गोळ्या अजून चालू आहेत, डॉक्टर सांगतील तेव्हाच बंद करणार. गुरुवार माझा आहे. सकाळी अंघोळ मी घालते, अक्का पाटाजवळ बसून चुका काढतात. दुपारचं झोपवणं अजून त्यांच्याकडं आहे. मी आठवड्यातले काही दिवस दुकानात जायला लागलेय. आमच्यासारखं ज्यांना होतंय त्यांना मी एवढंच सांगेन की बरं होणं म्हणजे मन एकदम स्वच्छ होणं नव्हे. माझ्या मनात अजून बराच कचरा आहे. पण मी आता त्याच्याकडं बघत पडून राहत नाही.

आणि मंगळवार अक्कांचा आहे. आधी "आपल्याला काय झालंय" म्हणाल्या, मग स्वतःच विचारलं, "त्या बाईला येळ हाय का गं मंगळवारी?" पोरं मोठी होऊन निघून गेलेल्या आयाही येतात म्हणे मॅडमकडं. कुंकू ठीक करून, पाण्याचा तांब्या घेऊन त्या जिना चढतात.

परवाच्या मंगळवारी मी खाली अंगणात ईश्वरीच्या पायाला तेल लावत होते. वरून आधी अक्कांचं हसणं आलं, मग बारीक आवाजात मॅडमचं. माझ्याबरोबर त्या अजूनही तेवढ्या हसत नाहीत, हे मी मोजून आहे. हसण्याचा आवाज ऐकून ईश्वरीनं मान वर केली, पाय माझ्या हातातून सोडवून घेतले आणि जिन्याकडं रांगत निघाली. मी उचललं तर दोन्ही हात वर करून भोकाड पसरलं. तिला अक्का पाहिजे होत्या. मी नको होते.

वरचं बोलणं थांबलं. कठड्यावरून अक्कांचं तोंड दिसलं, कानात वायर तशीच.

"काय झालं गं? येऊ का खाली?"

पोर त्यांच्याकडं झेपावत होती. तिला वर नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवलं असतं तर ती त्या क्षणी गप्प झाली असती. मला ते माहीत होतं, आणि त्यांनाही. पोटात तेच जुनं, ओळखीचं जळलं.

"नका येऊ," मी म्हणाले. "तुम्ही बोला, अक्का. मी बघते."

मग तोंड आत गेलं आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ईश्वरी खूप रडली. मी तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरत राहिले, म्हशीपर्यंत आणि परत. बऱ्याच वेळानं ती माझ्या साडीचं टोक तोंडात घालून झोपली.